जपानी शिका, पण पारखून शिका!

मुलाला जपानला धाडायचे म्हणून आमच्या ओळखीतील एका बंधूंनी पतपेढीचे कर्ज काढून ऑनलाइन वर्गाची फी भरली. चार महिन्यांनीही मुलाला हिरागानाची ४६ अक्षरे वाचता येईनात! पालकहो, आधी फुकटचे पारखा. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ पाठ्यपुस्तक आवाजासह विनामूल्य मिळते. एनएचके वर्ल्डचे धडेही विनामूल्य आहेत. मग वर्गवाल्यांना विचारा : लिपी गिरवून घेता का? उच्चार सुधारता का? कोणत्या परीक्षेपर्यंत नेता? जपानने २०१९ मध्ये सुरू केलेल्या कुशल कामगार व्हिसासाठी साधारणतः एन-४ किंवा जेएफटी-बेसिक आणि कामाची कौशल्य चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. वर्गाचे नुसते प्रमाणपत्र तिथे चालत नाही. तेव्हा कर्जाआधी महिनाभर मुलांना घरीच शिकवून पाहू या. मुलींनाही सोबत बसवू या!