परभाषेची परीक्षा



जर्मन भाषेच्या परीक्षेवर बोलावयास कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याला कशाला उभे केले, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. परंतु गेली काही वर्षे आमच्या सभासदांच्या घरांतून एकच प्रश्न येऊ लागला आहे: "दादा, मुलगी नर्सिंग झाली, जर्मनीला जाते म्हणते. तिकडे 'बी टू' लागते म्हणे. हे काय प्रकरण आहे?" आयटीआय झालेली फिटर-वेल्डर मुलेही तेच विचारतात. कुशल कामगारांना आत घेण्याचा जर्मनीचा नवा कायदा १ मार्च २०२० पासून लागू झाला, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने तेथील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, तेव्हापासून हे विचारणे वाढले. आम्हांस उत्तर देता येईना. मग वयाच्या बावन्नाव्या वर्षी आम्हीच वर्गात जाऊन बसलो आणि 'बी वन'ची परीक्षा दिली.

ही अक्षरे म्हणजे काय, ते प्रथम पाहू. युरोपच्या परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरवून प्रसिद्ध केल्या: ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. ए म्हणजे दुकानात, स्टेशनवर निभावून नेण्यापुरती भाषा. बी म्हणजे आपला संसार व आपले काम स्वतः चालविण्यापुरती. सी म्हणजे पंडिताची. परिचारिकेच्या पदवीला तिकडे मान्यता मिळावयाची तर सामान्यतः बी टू मागतात. आपल्याकडे मुंबई-पुण्याचे मॅक्स म्युलर भवन, म्हणजेच ग्योथे संस्था, ह्या परीक्षा घेते.

आता काळाचा हिशेब करा. शून्यापासून बी वनपर्यंत यावयास ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, असे ती संस्थाच सांगते. आठवड्याचे सहा दिवस रोज तीन तासिका केल्या, तरी कमीत कमी २० आठवडे झाले, आणि हे हुशाराचे. असे असता आमच्या ओळखीच्या एका घरातून एका वर्गचालकाने "तीन महिन्यांत बी टू, हमखास" म्हणून रक्कम उचलली. मुलीच्या आईने त्यासाठी पाटल्या मोडल्या. मुलीला तीन महिन्यांनी काय येत होते? चाळीस पाठ केलेली पत्रे, आणि समोरच्याने एखादा प्रश्न केला की मौन.

पाठांतराने हे साधत नाही, कारण ही परीक्षा तुम्हांला काय ठाऊक आहे हे विचारीतच नाही. तुम्हांला काय करता येते हे ती पाहते. बी वनचे चार भाग आहेत: वाचन ६५ मिनिटे, श्रवण ४० मिनिटे, लेखन ६० मिनिटे, संभाषण सुमारे १५ मिनिटे. प्रत्येक भागास १०० पैकी ६० गुण हवेत. एका भागात तुम्ही नापास झालात तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो. ही सोय पुष्कळांना माहीत नसते, आणि मुले एका भागासाठी रडत सगळेच सोडून देतात.

लेखनात तीन मजकूर असतात: मित्राला ८० शब्दांचे पत्र, एखाद्या प्रश्नावर ८० शब्दांत आपले मत, आणि वरिष्ठाला ४० शब्दांचे पत्र. मित्राला 'डू', वरिष्ठाला 'झी'. इंग्रजीतून शिकलेल्याला हा भेद मोठा जड जातो. आपल्याला त्यात नवल ते काय? साहेबाला आपण अरे-तुरे करीत नाही आणि वर्गमित्राला अहो-जाहो करीत नाही.

येथे आम्हांस आमचा खरा शोध सांगावयाचा आहे. आपल्याकडे जर्मन बहुधा इंग्रजीच्या मार्फत शिकवितात. म्हणजे नाशिकहून पुण्याला यावयाचे, ते मुंबईला वळसा घालून! "कारण माझी आई आजारी आहे" हे वाक्य घ्या. जर्मनमध्ये ते "वाइल माइने मुटर क्रांक इस्ट" असे होते. वाइल म्हणजे कारण, माइने माझी, मुटर आई, क्रांक आजारी, इस्ट आहे. शब्दास शब्द, जागेस जागा! 'आहे' शेवटी, आणि आईसाठी 'माझी', बापासाठी 'माझा', तसेच तिकडेही माइने आणि माइन. इंग्रजीतून जाणारा मुलगा 'आहे' मध्येच आणून ठेवतो आणि गुण घालवितो. संख्यांचेही तसेच. बावन्न म्हणताना आपण दोन अगोदर आणि पन्नास मागून म्हणतो. जर्मन माणूसही 'दोन आणि पन्नास' असेच म्हणतो. तीन लिंगे आपल्याला आहेत, त्यांनाही आहेत: डेर, डी, डास, तो, ती, ते. प्रत्येक नामाचे लिंग मात्र नव्याने पाठ केले पाहिजे, कारण त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे. मुलीला ते नपुंसकलिंग लावतात म्हणून वर्गात हशा पिकला होता. आम्ही म्हटले, हसता काय? तुम्ही 'ते लेकरू', 'ते पोरगं' म्हणत नाही?

सगळेच असे सरळ नाही. साध्या वाक्यात त्यांचे क्रियापद दुसऱ्या जागी येते, तेथे मराठी दगा देते. पण जेथे मदत आहे तेथे ती का घेऊ नये?

आता आमच्या नापाशीची हकीकत. श्रवणात ३० प्रश्न असतात. काही उतारे दोनदा ऐकवितात, काही एकदाच. एकदाच ऐकविलेल्या संभाषणात आमचा एक प्रश्न चुकला, आणि तो काय असावा ह्या विचारात असताना पुढचे तीन निघून गेले. १६ बरोबर आले, म्हणजे ५३ गुण. उत्तीर्ण होण्यास १८ लागतात. पुढील दोन महिने आम्ही रोज अर्धा तास जर्मन बातम्या ऐकल्या, आणि विशेष म्हणजे सुटले ते सोडून देण्याचा सराव केला. आयुष्यभर वाटाघाटीत एकेक मुद्दा धरून बसण्याची आमची खोड. ती मोडणे व्याकरणाहून कठीण गेले.

कोणी म्हणेल, राबावयास जाणाऱ्याला एवढी परीक्षा कशाला? आमचाही प्रथम तोच आक्षेप होता. पण मागचा इतिहास पाहा. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले, आणि १९७३ साली ही भरती बंद झाली. त्यांची भाषेची परीक्षा कोणी घेतली नाही. यंत्रापाशी हात चालले की मालकाचे भागत होते. अडचण सांगावयाची तर दुभाषा हवा. दुभाष्याचा पगार कोण देतो, हे संघटनेच्या माणसास सांगावयास नको.

आज जाणाऱ्या मुलीच्या हातात जर्मन भाषेतला करार पडतो. काही करारांत, ठराविक मुदतीआधी नोकरी सोडल्यास भरतीचा खर्च परत द्यावा, अशी अट असते. उमेदवारीचा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा, आणि त्यात सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. दुसऱ्या बाजूस, पाच कायम कामगार असले तरी तेथे कामगारांचे निवडलेले मंडळ स्थापन करता येते, आणि परदेशी कामगारासही त्यात मत असते. हे मत वापरावयाचे तर सभेत काय चालले आहे ते कळले पाहिजे. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, वाचनाच्या सरावाला नुसत्या गोष्टी घेऊ नका. भाडेकरार, नोटीस, पगारपत्रक घ्या.

संभाषणाची परीक्षा दोघांची जोडीने होते. तयारीला १५ मिनिटे देतात. प्रथम दोघांनी मिळून एखादा बेत ठरवावयाचा, मग प्रत्येकाने एका विषयावर थोडे बोलावयाचे, आणि शेवटी एकमेकांना प्रश्न विचारावयाचे. येथे समोरच्याला हरविणाऱ्याला गुण मिळत नाहीत. त्याचे ऐकून, "हे ठीक, पण शनिवारी मला पाळी आहे, रविवारी जमेल का?" असे म्हणणाऱ्याला मिळतात. आमच्या युनियन कमिटीच्या बैठका अशा झाल्या तर किती बरे, असे आमच्या मनात आले.

आमची जोडीदार बावीस-तेवीस वर्षांची परिचारिका होती. भीतीने तिचे हात गार पडले होते. आमचे भाषण संपल्यावर तिने नियमाप्रमाणे प्रश्न केला, "ह्या वयात आपण जर्मन का शिकता?" आम्ही 'वाइल'ने सुरुवात केली, एक लांबलचक वाक्य रचले, आणि क्रियापद कोठे ठेवावयाचे ते विसरलो. तिने हळूच मान हलवून ते शेवटी ठेवावयास सुचविले. परीक्षक खाली पाहून लिहीत होत्या. ती मुलगी पहिल्याच खेपेस चारही भागांत उत्तीर्ण झाली. आम्हांस श्रवणासाठी पुन्हा फी भरावी लागली. दुसऱ्या वेळी ७० गुण पडले.