रिपोर्ट नॉर्मल, पण दुखणं खरं

छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो, अंगाची आग होते. राहात्याच्या पेरूबागेत राबणारी बाई असो की कर्जाच्या काळजीनं झोप उडालेला शेतकरी, डॉक्टरांपुढे गाऱ्हाणं असतं ते शरीराचं. मन उदास आहे, असं क्वचितच कुणी सांगतं. ईसीजी, सोनोग्राफी, रक्त, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. मग घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ.’ आजारी माणसावर याहून मोठा अन्याय नाही.

कारण दुखणं खरं असतं. ताण लांबला की कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं चक्र बिघडतं, झोप मोडते, मानपाठीचे स्नायू आखडतात. आतड्यांच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात आणि मेंदूशी त्यांची देवाणघेवाण सतत चालू असते. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडतं ते त्यामुळेच. पुढे पुढे चेतासंस्थाच इतकी हळवी होते, की एरवी जाणवलंही नसतं तेही ठणकू लागतं.

गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या स्त्रियांची पाहणी केली. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी आणि इतर शारीरिक गाऱ्हाण्यांशी जास्त घट्ट निघाला. अशा बाईला अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स देऊन काय हाती लागणार? याच गटाचा नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवरचा ‘मानस’ प्रयोग २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिने शिकवून समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसवलं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या उपचारांत हेच प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास होतं. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

वजन घटणं, शौचातून रक्त, चालताना छातीत दुखणं असेल तर आधी शरीराचीच तपासणी हवी. ती एकदा नीट झाली की डॉक्टर बदलत फिरू नये. एकाच डॉक्टरांकडे ठरल्या तारखेला जावं, त्या दिवशी दुखत नसलं तरी. सोबत समुपदेशन, रोजचं चालणं, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर अमिट्रिप्टिलिनसारखं औषध अल्प मात्रेत.

लोणीचं वैद्यकीय महाविद्यालय राहाता तालुक्यातच आहे. तरीही गावच्या आरोग्य केंद्रात असा एक समुपदेशक हवाच, ही मागणी ग्रामसभेत लावून धरा. तोवर १४४१६ या ‘टेलिमानस’ मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.