बॉनेट उघडण्याआधी आरसी उघडा

जुनी गाडी बघायला गेलेल्या माणसाचा हात आधी बॉनेटकडे जातो. इंजिनाला कान लावून होतो, मीटरवरचे किलोमीटर वाचून होतात, एसी गार पडतो का ते बघून होते, मग भावाची घासाघीस. कागदांचा विषय निघतो तो शेवटी, "सगळे क्लिअर आहे ना?" एवढ्यापुरता. दहा-बारा वर्षांची गाडी घेताना हा क्रम उलटा हवा. क्लच बसला, इंजेक्टर गेले, अगदी इंजिनाचे काम निघाले, तरी त्याला एक आकडा असतो. केडगावचा किंवा संगमनेरचा मेकॅनिक तो सांगतो आणि तेवढा भावातून कमी करता येतो. गाडी तुमच्या नावावर होऊच शकत नसेल, तर त्या दोषाचा आकडा कुणालाच सांगता येत नाही. लष्करी वाहनांची कसून परीक्षा घेणारी व्हीआरडीई ज्या नगरमध्ये आहे, तिथेही पॉलिशची चमक बघून सौदे ठरतात, ही गंमतच.

एमएच-१६ म्हणजे नगर आणि एमएच-१७ म्हणजे श्रीरामपूर, हे जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. पण नंबरप्लेटपेक्षा चेसिस नंबर महत्त्वाचा. गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः वाचून आरसीशी आणि एमपरिवहन अ‍ॅपवरच्या नोंदीशी ताडून पाहावा, थकलेली ई-चलने त्याच बैठकीत तपासावीत. मग कर्जाचा बोजा. पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या या जिल्ह्यात ही ओळ जरा जास्तच बारकाईने वाचावी लागते. हप्ते फिटले म्हणजे आरसीवरचा बोजा उतरला असे नव्हे. त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र लागते. संस्थाच बंद पडली असेल तर? नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. अशा संस्थेचे नाव आरसीवर असेल तर कागद अवसायकाकडून आणावा लागतो, आणि ती धावपळ विकणाऱ्याने सौद्याआधी करायची, घेणाऱ्याने सौद्यानंतर नव्हे.

खरा घोळ होतो तो टीटी, म्हणजे मालकी हस्तांतराच्या फॉर्ममध्ये. विकणाऱ्याच्या सह्यांचे कोरे फॉर्म २९ आणि ३० हातात पडले की व्यवहार झाला असे समजले जाते, आणि त्या सह्यांवर गाडी दोन-तीन हात फिरते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते, की राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे. ही नुसती औपचारिकता नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की गाडी विकून झाली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. हा निकाल विकणाऱ्याला सांगून बघावा. टीटीची घाई मग त्यालाच होते. घेणाऱ्याचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. मूळ मालक गाव सोडून गेला किंवा वारला, की जुन्या सहीला अर्थ उरत नाही आणि वारसांच्या दारात उभे राहावे लागते.

"पण गाडी पाहुण्यातली आहे" हे यावरचे नेहमीचे उत्तर. माणूस खात्रीचा असेलही, पण विमा कंपनी नाते पाहत नाही. विक्रीनंतर तिसऱ्या पक्षाचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र पॉलिसी आपल्या नावावर नसेल तर अडकतो, म्हणून १४ दिवसांच्या आत अर्ज करावा. पॉलिसी मागण्याचे दुसरेही कारण आहे. तिच्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस दिसत असेल आणि पाच वर्षांत मालक बदललेला नसेल, तर तेवढ्या काळात मोठा दावा झालेला नाही, असे धरायला जागा आहे. ठोकाठोकीचा खर्च मालकाने खिशातून केला असेल तर तो यात दिसणार नाही, हे खरे. तरी तोंडी हमीपेक्षा हा पुरावा बरा. हा बोनस गाडीबरोबर येत नाही, तो विकणाऱ्याकडेच राहतो.

वयाचा हिशेबही कागदाचाच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. म्हणजे चौदाव्या वर्षी घेतलेली 'स्वस्त' गाडी वर्षभरातच पुन्हा पैसे मागते. दिल्लीकडच्या डिझेल गाड्यांचा मोह याच जातीचा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधने आली म्हणून त्या बाहेर कमी भावात निघतात. पण तिकडची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर धरला की फरक बराचसा आटतो.

आता रास्त आक्षेप. कागद चोख आणि गाडी खटारा, असेही होतेच. म्हणून बॉनेट उघडायचे, पण इंजिन थंड असताना. आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याचा संशय घ्यावा. दरवाजे-फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, रंगात पडलेला फरक, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा गाळ यांतून अपघात आणि पुराचा इतिहास कळतो. टायरवरचे चार अंक वाचावेत: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी बघावी. चक्कर मारायची तर सावेडीतल्या गुळगुळीत रस्त्यावर नको. खडखडाट ऐकायला नगर-मनमाड रस्ता आणि क्लच, रेडिएटर जोखायला करंजी घाट जवळच आहेत.

पेट्रोल गाडीत आणखी एक तपासणी हवी, ती इंधनाच्या नळ्यांची. आपल्याच कारखान्यांच्या उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळते, आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा मोटारींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असे म्हटले होते. गाडी घेऊ नये असा याचा अर्थ नाही. रबरी नळ्या, गॅस्केट बदलण्याचा खर्च भावात धरावा, एवढेच.

मेकॅनिक आपला न्यावा, आणि गाडी पसंत पडली नाही तरी त्याची मजुरी द्यावी. पैसे मात्र एकदम मोकळे करू नयेत. आरसीवर आपले नाव लागेपर्यंत काही रक्कम राखून ठेवावी, आणि ती किती हे टोकन देतानाच कागदावर लिहून घ्यावे.