दाराचा पहारा आणि तारेचा पहारा

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब समर्थ नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासांचें हें जन्मस्थान. ऑगस्ट २०२२ मध्यें तेथील राममंदिरांतून राम, लक्ष्मण व सीता यांच्या प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या. चोरांचा माग लागून मूर्ती पोलिसांच्या हातीं येण्यास सुमारें दोन महिने लागले. ही चोरी जुन्या तऱ्हेची होती. चोर जागेवर आले आणि वस्तु उचलून चालते झाले.

त्याच्या चार वर्षें आधीं पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला, तो मात्र अगदीं निराळ्या जातीचा. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं अनेक देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं पैसे काढले गेले. १३ तारखेस आणखी रक्कम हाँगकाँगकडे वळविली गेली. एकूण सुमारें ९४ कोटी रुपये गेले. येथें चोर तिजोरीपाशीं आले नाहींत; ते संगणकांच्या जाळ्यांतून शिरले.

पहिल्या चोरीला दाराचा पहारा हवा, दुसरीला तारेचा. परवांपरवांपर्यंत हे दोन पहारे सर्वत्र वेगळे असत. देवडीवर वॉचमन, त्याची वही व कॅमेऱ्यांचा पडदा. वरच्या मजल्यावर संगणकांचें जाळें सांभाळणारे तज्ज्ञ. दोघांची गांठ क्वचितच पडे. तें चालतही असे, कारण कॅमेऱ्याची तार स्वतंत्र असून सरळ पडद्यापर्यंत जाई. आतां कॅमेरा, कार्ड लावून उघडणारें दार, धुराची सूचना देणारें यंत्र, हीं बहुधा त्याच जाळ्याला जोडलेलीं असतात, ज्यावरून कचेरीचे हिशेब व पत्रव्यवहार चालतात. म्हणूनच दोन्ही पहारे एका मध्यवर्ती नियंत्रणकक्षांत बसविण्याची कल्पना पुढें आली.

तिचा लाभ उदाहरणांनीं स्पष्ट होईल. समजा, मध्यरात्रीं मागच्या दाराचा कॅमेरा एकाएकीं काळा पडला. वॉचमन म्हणतो, यंत्र बिघडलें असेल, सकाळीं पाहूं. परंतु जाळ्याच्या पडद्यावर दिसतें कीं, शेजारचे सर्व कॅमेरे चालू आहेत, तारा जोडण्याची पेटीही ठीक आहे, फक्त हीच एक जोडणी तुटली आहे. सर्व कॅमेरे एकदम गेले असते तर पेटीचा किंवा विजेचा दोष मानतां आला असता. एकच गेला, तर माणसानें त्याच क्षणीं तेथें जाऊन पाहिलें पाहिजे.

दुसरें उदाहरण. एका कारकुनाचें कार्ड सकाळीं दहा वाजतां कचेरीच्या दारावर लागलें. दहा वाजून पांच मिनिटांनीं त्याच्याच नांवानें कोणी परदेशांतून संगणकांत शिरलें. दाराच्या पहारेकऱ्याला पहिली गोष्ट नित्याची वाटेल; दुसरीबद्दल तज्ज्ञाला वाटेल कीं, हा गृहस्थ प्रवासांत असेल. दोन्ही नोंदी शेजारीं ठेवल्या म्हणजेच लबाडी उघडी पडते. मात्र याला एक अट आहे. दोन्हीकडील घड्याळें तंतोतंत जुळलीं पाहिजेत. दहा मिनिटांचा फरक असला, तर पुराव्याचा गोंधळ होतो.

मोठ्या प्रमाणावरचा नमुना मुंबईंत आहे. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर शहरभर कॅमेरे बसविण्याची निकड पटली आणि ऑक्टोबर २०१६ मध्यें सुमारें दीड हजार ठिकाणीं साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांची योजना कार्यान्वित झाली. इतकीं चित्रें एकाच वेळीं कोणाही माणसाला पाहतां येणें शक्य नाहीं. अशा ठिकाणीं यंत्रानें वेगळेपण हेरावें व माणसानें निर्णय घ्यावा, अशी वांटणी करावी लागते.

परंतु एका जुडग्यांत सर्व किल्ल्या घालण्याचा धोकाही ओळखला पाहिजे. त्याच २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या दुष्ट संगणक-प्रणालीनें जगभरचे लाखों कॅमेरे व तत्सम उपकरणें आपल्या ताब्यांत घेतलीं. युक्ति साधी होती. कारखान्यांतून आलेला पासवर्ड मालकांनीं बदललाच नव्हता. या उपकरणांच्या जोरावर २१ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील एका कंपनीच्या यंत्रणेवर असा भडिमार झाला कीं, अनेक नामांकित संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. पहारेकरीच चोरांना सामील झाले, असा हा प्रकार!

म्हणून कक्ष एक असला, तरी सर्वांची वाट एक असूं नये. कॅमेऱ्यांचें जाळें हिशेबाच्या जाळ्यापासून भिंत घालून वेगळें ठेवावें. दोन्हींकडील फक्त सूचना कक्षांत एकत्र याव्यात. कक्षाला स्वतंत्र वीज असावी, आणि तो बंद पडल्यास काम दुसरीकडून चालावें. दार राखणाऱ्याला कोणाचीं पत्रें वाचण्याचा अधिकार नसावा; पहारा वाढला म्हणून सचोटीच्या माणसानें संशयाखालीं वावरावें, हें न्याय्य नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कोणती घंटा वाजली असतां कोणी उठावयाचें, हें आधींच लिहून ठेवावें. घंटा दोघांनींही ऐकली आणि दुसरा जाईल म्हणून दोघेही बसून राहिले, तर एकत्र बसण्याचा उपयोग काय?

गांवच्या देवळाला किंवा शहरांतील गृहनिर्माण संस्थेला एवढा मोठा कक्ष परवडणार नाहीं, व त्याची गरजही नाहीं. तत्त्व मात्र तेंच राहतें. जिन्यांतील कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणी बदलला? तो कोणापाशीं आहे? चित्र साठवणाऱ्या पेटीचें घड्याळ बरोबर आहे काय? रात्रीं चित्र नाहींसें झालें, तर कोणाला कळतें, आणि कळल्यावर कोण खालीं उतरतो? संस्थेच्या पुढील सभेंत हे प्रश्न विचारून पाहावेत. ज्या इमारतींत चारांचींही उत्तरें मिळतात, तेथें चार कॅमेऱ्यांचाही पहारा खरा. जेथें मिळत नाहींत, तेथें चाळीस कॅमेरेही केवळ भिंतीची शोभा होत.