एकच शस्त्रक्रिया, देशोदेशीचे टाके

आमच्या स्टाफरूममधली एक सहकारी कित्येक वर्षे पाठदुखीची तक्रार करत असे. 'बेन्नु नोवु' म्हणत ती खुर्चीत टेकली की आम्ही बामची बाटली पुढे करायचो. गेल्या वर्षी तिने मला एकटीला गाठून खरे कारण सांगितले. स्तनांच्या वजनाने मान-पाठ दुखते, ब्रेसियरच्या पट्ट्यांचे वळ खांद्यावर कायमचे उमटलेत, उन्हाळ्यात खालची कातडी घामाने सोलवटते. इथल्या प्लास्टिक सर्जननी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. पण तिच्या जावेची हीच शस्त्रक्रिया अमेरिकेत झालेली. "तिचा व्रण जहाजाच्या नांगरासारखा आहे, आणि इथले डॉक्टर म्हणतात एकच उभी रेघ. खरं कुणाचं, अक्का?"

मी पडले भाषा शिकवणारी. तरी शोधून वाचले, तेव्हा दोघेही खरे निघाले.

या शस्त्रक्रियेत नुसते वजन उतरवायचे नसते. स्तनाग्र वर सरकवायचे असते, आणि ते जिवंत राहावे म्हणून रक्तवाहिन्यांसकट मांसाचा एक देठ शाबूत ठेवावा लागतो. हा देठ कोणत्या बाजूचा राखायचा आणि उरलेली कातडी कुठे शिवायची, यावरून पद्धती वेगळ्या होतात. अमेरिकेत 1956 साली रॉबर्ट वाइज यांनी ब्रेसियरच्या बेतावरून कातडी कापण्याचा एक साचा मांडला. ब्लाउज बेतणाऱ्या बाईला यात नवल वाटू नये! स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभा आणि तळाच्या घडीत लांब आडवा, असे टाके त्यात येतात. देठ खालच्या बाजूचा ठेवून हा साचा वापरण्याची रीत तिथे अनेक दशके रूढ झाली. मोठ्या स्तनांनाही ती चालते, शिकवायला सोपी, आणि आकार टेबलावरच दिसतो.

युरोपात आडवा व्रण टाळण्याकडे काही सर्जनचा ओढा राहिला. फ्रान्सचे क्लोद लासू यांनी 1960 च्या दशकापासून उभ्या टाक्याची पद्धत चालवली. ब्रुसेल्सच्या मादलेन लेजूर यांनी पुढे तिला चरबी शोषून काढण्याची जोड दिली, आणि कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी 1999 मध्ये देठाची जागा बदलून ती सोपी केली. यातली गंमत अशी, की सुरुवातीला खालच्या बाजूला चुण्या दिसतात, वरचा भाग फुगीर वाटतो, आणि आकार बसायला काही महिने जातात. अमेरिकेतले अनेक सर्जन या पद्धतीकडे वळायला कचरले, त्यात या चुण्यांचाही वाटा होता. आता तिकडेही तिचा वापर वाढला आहे.

पण किती काढायचे, हे सर्जन एकटा ठरवतो असे मानू नका. अमेरिकेत 1991 साली श्नूर यांनी शरीराचा आकार आणि काढायचे वजन यांचे कोष्टक प्रसिद्ध केले, आणि विमा कंपन्यांनी ते खर्च मंजूर करण्यासाठी उचलले. फ्रान्समध्ये सरकारी विम्यासाठी प्रत्येक बाजूला निदान 300 ग्रॅम निघायला हवेत. इंग्लंडच्या 2018 च्या निकषांत 500 ग्रॅम किंवा चार कप-साइझ, शिवाय बॉडी मास इंडेक्स 27 च्या आत. म्हणजे तीच पाठ, तेच दुखणे, आणि इंग्लिश खाडी ओलांडली की उत्तर बदलते. दुखणे असे काट्यावर तोलता येते का, हे मला तरी पटलेले नाही.

आपल्या बायकांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या कातडीवर जाड, उठावदार व्रण होण्याची शक्यता अधिक असते, तेव्हा व्रणाची लांबी हा नटण्याचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. दुसरे, देठ राखला तर पुढे अंगावर पाजणे जमू शकते, पण हमी नाही. स्तनाग्र पूर्ण सुटे करून पुन्हा लावले तर ते जमत नाही. लेकीचे लग्न व्हायचे असेल तर आईने हे आधी विचारावे.

सहकारी पुन्हा डॉक्टरांकडे गेली ती वहीच घेऊन. "देठ कुठला ठेवणार? असे तुम्ही किती केलेत?" डॉक्टर हसले, पण त्यांनी वहीच्या पानावर चित्र काढून दाखवले. ते पान तिने घरी यजमानांना दाखवले, आणि मग सासूबाईंनाही. सासूबाई कन्नडमध्ये एवढेच म्हणाल्या, की माझ्या वेळी कुणी विचारलंच नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली तारीख तिने घेतली आहे.