दिवसकालीन सेवाकेंद्रांतील सर्जनशील काष्ठकाम

शालेय वय उलटलेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीच्या दिवसकालीन केंद्रांत काष्ठकाम बहुधा व्यवसाय-प्रशिक्षण म्हणून येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कलम १९ व्यवसाय-प्रशिक्षणाचे आहे. तथापि कलम २९ सांस्कृतिक जीवन व मनोरंजनाविषयी आहे, याचा सहसा विसर पडतो. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या अंगापुरते आहे.

कामाचा आधार म्हणजे साचा. फळीवर ठोकलेली आडवी पट्टी तुकड्याची लांबी ठरवते; त्यामुळे मोजपट्टी वाचता न येणारी व्यक्तीही समान तुकडे कापते. एका हाताने काम करणाऱ्यास शिकंजा दुसऱ्या हाताच्या ठिकाणी उपयोगी पडतो. लाकूड मऊ हवे; सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा येथे सागवानापेक्षा सोयीचा. घासकामाची धूळ मात्र गांभीर्याने घ्यावी, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरलेली आहे.

साचा अचूकता देतो. निवडही त्यानेच केली तर केवळ पुनरावृत्ती उरते. प्रदर्शनासाठी वाकडी कड निदेशकाने मागाहून सरळ करणे हे तर सर्वथा अनुचित होय. एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये ऑटो सालोमन यांनी विकसित केलेल्या ‘स्लॉइड’ पद्धतीतही शिक्षकाने विद्यार्थ्याचे काम स्वतः करू नये, असाच दंडक होता. आकार कोणता, रंग कोणता, वस्तू कोणाला द्यावयाची, हे करणाऱ्यानेच ठरवावे. न बोलणारी व्यक्तीही दोन नमुन्यांपैकी एकाकडे नजर वळवून उत्तर देऊ शकते; त्यासाठी निदेशकास थांबावे लागते, आणि तो वेळ वेळापत्रकातच धरलेला असावा लागतो.