नशीब, निवड आणि केडगाव

दौंड तालुक्यातील केडगाव हे नाव पंडिता रमाबाई आणि त्यांचे मुक्ती सदन यांच्यामुळे सर्वपरिचित झाले. त्या गावाची आठवण ठेवून मराठी कादंबरीतील दैववादाकडे आम्ही येथे पाहणार आहोत.

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहिते, ही समजूत आपल्या ग्रामीण भागात घरोघरी आढळते. जे लिहिले तेच घडणार असेल, तर माणसाने निवडायचे काय? बाबा पद्मनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या आद्य मराठी कादंबरीत यमुना पतीसह प्रवास करताना अनेक विधवांची दुःखे पाहते. पुढे तिलाही वैधव्य येते. परंतु ते अटळ प्रारब्ध न मानता ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते व पुनर्विवाह करते. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्यातील यमूला मात्र ही वाट मिळत नाही. तिचे केशवपन घरची माणसे बळजबरीने घडवून आणतात. दैववादाचे खरे कार्य येथे उमगते: तो सोसणाऱ्याचे हात बांधतो आणि सोसायला लावणाऱ्याला दोषमुक्त करतो. 'तिच्या नशिबाचे भोग' असे म्हटले की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

वैधव्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाते, हे रमाबाईंनी १८८७ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवून दिले होते. त्या स्वतः १८८२ मध्ये विधवा झाल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवांना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावात त्यांच्या हाताला काम व शिक्षण दिले. तेथे अंध मुलींना ब्रेल लिपीही शिकवली गेली. रमाबाई कॅथॉलिक नव्हत्या. तरीही त्यांचे हे कार्य आपणा सर्वांना वंदनीय आहे.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाविषयी विचारतात, पाप कोणाचे? प्रभू येशू दोष त्याच्यावरही ठेवीत नाही, त्याच्या आईवडिलांवरही नाही. तो त्याला दृष्टी देतो. ख्रिस्तसभा ईश्वरी योजना मानते, परंतु ती योजना माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही, तर त्याला आपल्या कार्यात सहभागी करून घेते. म्हणूनच ख्रिस्तसभा भविष्यकथन व जन्मकुंडली नाकारते.

शेजारच्या घरी दुःख आले असता 'देवाची इच्छा' म्हणून आपण परत फिरतो काय? तसे असेल, तर सटवाईचा लेख आपण केवळ नाव बदलून जपला आहे. त्या दुःखी घराचे दार ठोठावणे ही निवड मात्र आपल्याच हाती आहे.